बोर्डी ते हिंगोली : अंगणवाडीतील कला आणि शिक्षिकेची घडण

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांतील खेड्यापाड्यांत आणि तांड्यांवर ‘अंगणवाडी’ हा शब्द आज इतका रुळलेला आहे की, तो कोठून आला असा प्रश्न सहसा कोणास पडत नाही. तो सरकारी योजनेबरोबर आला, एवढेच सामान्यतः ठाऊक असते. वस्तुतः हा शब्द योजनेहून पुष्कळ जुना आहे. तो जन्मला अरबी समुद्राच्या काठी, जुन्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोन शिक्षिकांनी १९४५ मध्ये तेथे जे काम आरंभिले, त्या कामातून तो घडला. शब्दाचा हा प्रवास तसा सरळ आहे. परंतु त्या शब्दामागे शिक्षिकेच्या घडणीची जी एक पद्धती होती, तिचा प्रवास तितका सरळ झाला नाही. आणि बालशिक्षणातील कलेचे स्थान हा विषय अभ्यासताना याच दुसऱ्या प्रवासाकडे अधिक लक्ष देणे अगत्याचे ठरते.

बोर्डीची वार्ता हिंगोलीकडे उशिरा पोहोचली, याचे कारण प्रथमतः राजकीय आहे. हिंगोली हा परभणी जिल्ह्यातील तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. (स्वतंत्र हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला.) १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम केले. एका देशी भाषेत विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो मोठाच प्रयोग होता यात शंका नाही. पण घरी मराठी, तेलुगू वा कन्नड बोलणाऱ्या मुलाला वरच्या इयत्तांची वाट परक्या भाषेतूनच काढावी लागे. खानगी शाळा काढावयाची तर सरकारी परवानगी लागे, आणि ती सहजी मिळत नसे. अशा परिस्थितीत मराठवाड्यातील शिक्षणप्रेमी मंडळींची सारी शक्ती मातृभाषेची शाळा टिकविण्यात खर्च झाली. हिप्परगे आणि अंबेजोगाई येथील राष्ट्रीय शाळांतून स्वामी रामानंद तीर्थांसारखा शिक्षक पुढे एका मुक्तिसंग्रामाचा नेता झाला, ही गोष्ट त्या काळच्या गरजेचीच निदर्शक होय. शाळा असावी की नसावी हाच जेथे झगडा, तेथे तीन वर्षांच्या मुलाने कोणत्या मातीचे बैल करावेत याचा विचार करण्यास उसंत कोठून मिळणार? १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि हिंगोली व बोर्डी ही दोन्ही स्थळे प्रथमच एका शासनाखाली आली.

मुंबई इलाख्यातील सामान्य शाळांतही कलेची स्थिती स्पृहणीय होती असे नाही. चित्रकला हा विषय होता. परंतु तो फळ्यावरील नमुना हुबेहूब उतरवून काढण्याचा. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांनी त्याला एक शिस्त दिली आणि अनेक होतकरू विद्यार्थ्यांना जे. जे. कलाशाळेची वाट दाखविली, हे नाकारता येत नाही. तथापि ती वाट निवडकांची होती. लहान मूल स्वतःहून काय रेखाटते याचे कुतूहल या व्यवस्थेत नव्हते. युरोपात व्हिएन्ना येथे फ्रांझ चिझेक याने १८९७ मध्ये मुलांसाठी कलावर्ग काढून हे कुतूहल प्रतिष्ठित केले होते. आपल्याकडे रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात त्याला एक निराळेच रूप आले. महाराष्ट्रात मात्र ते कलाशिक्षकांच्या द्वारे न येता बालशिक्षणाच्या द्वाराने आले, आणि तेही गुजरातेतून.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची चिंता करता करता ते माँटेसरीबाईंच्या ग्रंथांकडे वळले आणि वकिली सोडून बसले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंचा जन्म १८९२ मधला, मुंबईच्या प्रार्थनासमाजी केळकर कुटुंबातला. त्या पदवीधर होत्या, राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्रमुखपदाचा अनुभव त्यांच्या गाठी होता. म्हणजे शिक्षिका तयार करण्याचे काम त्या आधीच करीत होत्या. एका अध्यापन विद्यालयाच्या प्रमुखाने ते पद सोडून बालमंदिरात तीन-चार वर्षांच्या मुलांपुढे पुन्हा शिकाऊ म्हणून बसावे, ही घटना चरित्रकार एका वाक्यात उरकतात. वास्तविक ताराबाईंच्या पुढील सर्व कार्याची किल्ली तेथे आहे.

भावनगरला जे घडले त्याला ‘माँटेसरी पद्धतीचा प्रसार’ असे म्हणण्याची रीत आहे. ते अर्धेच खरे. माँटेसरीबाईंच्या पद्धतीत इंद्रियशिक्षणाची साधने काटेकोर, त्यांच्या वापराचा क्रम ठरलेला. चित्रकलेसंबंधी त्यांची भूमिका अशी की, आधी हात तयार व्हावा. धातूच्या साच्यांभोवती रेषा ओढून, त्या आकृती रंगाने भरून हाताला वळण लागले म्हणजे चित्र आपोआप येईल. ज्याला इतर लोक मुक्त चित्रकला म्हणून गौरवीत, तिच्याविषयी त्यांना फारसा आदर नव्हता. परीकथांविषयी तर त्यांचे मत प्रतिकूलच होते. लहान मुलाला वास्तव जग समजून घेण्याची भूक असते, अद्भुताची भर मोठी माणसे घालतात, असा त्यांचा आक्षेप. आता गिजुभाईंकडे पाहावे. त्यांच्या बालमंदिराचा प्राण कथा हाच होता. लोककथा त्यांनी गोळा केल्या, मुलांसाठी पुन्हा सांगितल्या, आणि कथा कशी सांगावी याचे एक शास्त्रच ‘वार्तानुं शास्त्र’ या ग्रंथात मांडले. जोडगाणी, गरबा, नाट्यप्रवेश यांना त्यांच्याकडे साधनांच्या बरोबरीचे स्थान होते. ‘दिवास्वप्न’ या त्यांच्या पुस्तकातील कल्पित शिक्षक चौथीच्या वर्गात शिरतो तो गोष्टीचे बोट धरूनच. गुरूचे नाव घेऊन गुरूचेच एक महत्त्वाचे मत बाजूस सारणे हे या मंडळींनी कोणताही गाजावाजा न करता केले. त्यामागे सिद्धान्तापेक्षा अनुभव होता. काठियावाडातील मूल घरी कथा आणि गाणी ऐकत वाढलेले. ती दाराबाहेर ठेवून त्याला आत घेतले तर ते निम्मेच आत येते, हे रोजच्या निरीक्षणाने कळले होते.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ निघाली, आणि ताराबाईंनी तिची मराठी आवृत्ती चालवून हा विचार मराठी पालक-शिक्षकांपर्यंत आणला. पुढे दादर येथे १९३६ मध्ये शिशुविहार सुरू झाला. शिशुविहाराचे यश निर्विवाद होते. पण ते मध्यमवर्गाचे यश होते. साधने महाग, जागा बंदिस्त, मुले स्वच्छ कपड्यांत येणारी. १९३९ मध्ये गिजुभाई निवर्तले. त्याच वर्षी माँटेसरीबाई स्वतः हिंदुस्थानात आल्या आणि युद्धामुळे अनेक वर्षे येथेच राहिल्या. त्यांच्या प्रशिक्षणवर्गांमुळे या पद्धतीची शहरी प्रतिष्ठा वाढली. ताराबाईंची पावले नेमकी याच सुमारास उलट दिशेने, खेड्याकडे वळू लागली होती.

बोर्डीच्या कामात त्यांना जी सहकारी मिळाली, तिची घडण ताराबाईंहून सर्वस्वी भिन्न होती. अनुताई वाघ यांचा जन्म १९१० मधला, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, आणि वर्ष पुरे होण्याआधीच वैधव्य. पुढे शिक्षिकेची सनद घेऊन त्यांनी प्रथम नाशिक जिल्ह्यात चांदवडकडे खेड्यातील शाळेत आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी केली. नोकरी सांभाळून रात्रीच्या शाळेतून त्या १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. म्हणजे १९४५ मध्ये बोर्डीस आल्या तेव्हा त्या नवख्या नव्हत्या; सुमारे सोळा वर्षांचा वर्गाध्यापनाचा अनुभव त्यांच्यापाशी होता. आणि अडचण जी आली ती या अनुभवाचीच. फळा, तास, ओळीने बसलेल्या मुली, शिक्षिकेच्या आवाजाची जरब — हुजूरपागेसारख्या नामांकित शाळेत जे गुण म्हणून गणले गेले, त्यांतील बहुतेक बोर्डीच्या हरिजनवाड्यात आणि दुबळ्यांच्या वस्तीत निरुपयोगी होते. तेथे मुळात वर्गच नव्हता. बालवाडी काढली तरी त्या वस्त्यांतील मुले येईनात. कोणाच्या अंगावर कपडे नव्हते, कोणाच्या कडेवर धाकटे भावंड होते, आणि गावातील इतर मुलांत जाऊन बसण्याचा संकोच तर सर्वांनाच होता.

मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, हा निर्णय आज सोपा वाटतो. शिक्षिकेच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा होता की, आजवर तिच्या अधिकाराला आधार देणाऱ्या सगळ्या वस्तू तिच्या हातून गेल्या. टेबल नाही, दरवाजा नाही, घंटा नाही. ज्या अंगणात ती बसली ते मुलाच्या आईचे. कामाचा प्रारंभ मुलांना अंघोळ घालण्यापासून झाला. नखे काढणे, केस विंचरणे, आणि मग गाणे. हे गाणे प्रार्थनेपुरते राहिले नाही. हातवारे, उड्या, प्राण्यांच्या नकला, वस्तीतल्या माणसांच्या कामांचे अभिनय त्यात येत गेले. साधनांच्या बाबतीतही असेच झाले. माँटेसरीचे लाकडी ठोकळे व मणी घेणे परवडण्यासारखे नव्हतेच. समुद्राकाठी शंख-शिंपले होते, वाडीत बिया होत्या, पाने, गोटे, चिकणमाती, काड्या होत्या. लहानमोठे, जडहलके, खरखरीत-गुळगुळीत हे भेद या वस्तूंनी तितकेच चांगले शिकविता येत. परंतु एक फरक पडला आणि तो कलेच्या दृष्टीने निर्णायक ठरला. कारखान्यात तयार झालेल्या साधनाचा उपयोग एकच असतो; शिंपल्यांचा तसा नसतो. मोजून झाल्यावर मूल त्यांची रांगोळी मांडते, बियांची नक्षी करते, मातीच्या गोळ्याचा बैल करते. साधन स्वस्त व्हावे म्हणून केलेल्या बदलामुळे साधन मोकळेही झाले. काटकसरीतून कलेला वाव मिळाला असे येथे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. मात्र मूल त्या बियांचे काय करते आहे हे थांबून पाहणारी शिक्षिका तेथे नसती, तर तो वाव कोणाच्या लक्षातही आला नसता.

१९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर गेले, आणि तेथे वारली मुलांशी गाठ पडली. ही मुले गुरे राखीत. त्यांच्यासाठी शिक्षिका कुरणात गेल्या; गुरे चरत असता झाडाखाली गाणी, गोष्टी, पानाफुलांची ओळख चाले. या प्रयोगाला ‘कुरणशाळा’ हे नाव मिळाले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र करणाऱ्या ‘विकासवाडी’ची कल्पनाही येथेच मूर्त झाली. धाकटे भावंड पाळणाघरात सुरक्षित असल्याशिवाय थोरली बहीण अक्षराकडे वळत नाही, हे त्यामागील साधे गणित.

कोसबादला शिक्षिकांपुढे जो प्रश्न उभा राहिला तो बोर्डीच्या प्रश्नाहून सूक्ष्म होता. वारली घरात कला नव्हती असे नव्हे. ती शिक्षिकांच्या कलेहून समृद्ध होती. लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवीची स्थापना होते, धवलेरी लग्नगीते गाते, आणि भोपळा व बांबू यांच्या तारप्याच्या सुरावर नाचाचे वेटोळे फिरते. अशा घरातून आलेल्या मुलाला प्रमाण मराठीतील बडबडगीत शिकविणे म्हणजे त्याला काही देणे होय की त्याचे काही झाकून टाकणे होय? या प्रश्नाला कोसबादने सैद्धान्तिक उत्तर दिलेले दिसत नाही. मुलांच्या बोलीतील शब्द शिक्षिकांनी उचलले, परिसरातील वस्तू, प्राणी आणि कामे गाण्यांत आणली. त्याच वेळी स्वच्छतेचा, व्यसनमुक्तीचा, प्रमाण भाषेचा सुधारकी आग्रहही चालूच राहिला. या दोन प्रवृत्तींतील ताण कोसबादच्या कार्यात शेवटपर्यंत जाणवतो, आणि तो लपविण्यात अर्थ नाही. वारली चित्रकलेला बाहेरच्या जगाने मान दिला तो १९७० नंतरच्या दशकात, जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांमुळे; त्यापूर्वी भिंतीवरील चौक आणि पाटीवरील चित्र यांचा संबंध शिक्षणाच्या चर्चेत क्वचितच जोडला गेला.

याच वर्षांत विदर्भात सेवाग्रामला निराळ्या वाटेने हाच शोध चालला होता. १९३७ च्या वर्धा योजनेत शिक्षणाचे केंद्र उद्योग हे होते. टकळी आणि चरखा यांच्या धाग्यावर सारे विषय गुंफावयाचे, अशी ती कल्पना. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये तेथे कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. मुलांना नमुना देऊन उतरवावयास लावणे त्यांनी नाकारले, आणि मुलांच्या चित्रांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून त्यावर ग्रंथ लिहिला. हर्बर्ट रीड यांचा ‘एज्युकेशन थ्रू आर्ट’ हा ग्रंथ १९४३ मध्ये निघाला होता. तो विचार आणि नयी तालीम यांची सांगड देवीप्रसादांनी घातली. पण देवीप्रसाद हे कलावंत होते. अनुताई कलावंत नव्हत्या. चित्र कसे काढावे याचे शिक्षण नसलेली सामान्य शिक्षिका कला वर्गात कशी आणू शकते, या प्रश्नाच्या दृष्टीने कोसबादचे उदाहरण सेवाग्रामहून अधिक उद्बोधक ठरते, ते याच कारणाने. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, १९६१ मध्ये, अनुताई बी. ए. झाल्या. शिकविणे चालू असता शिकणे थांबलेले नाही याचा हा बाह्य पुरावा; आंतरिक पुरावा ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात विखुरलेला आहे.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्राला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. टप्प्याटप्प्याने ती सर्वदूर पसरली, मराठवाड्यातही आली. बोर्डीच्या एका अंगणातील शब्द सगळ्या भारतीय भाषांत गेला, हे यश लहान नव्हे. परंतु योजनेत सहा सेवा होत्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण, आणि शाळापूर्व शिक्षण. यांतील पहिल्या काही सेवांचे मोजमाप करता येते. किती मुलांचे वजन झाले, किती ताटे वाढली, याचा तक्ता भरता येतो. मूल आज काय गायले याचा भरता येत नाही. परिणामी नोंदवह्यांचे ओझे वाढत गेले आणि शाळापूर्व शिक्षण हे उरल्या वेळात करावयाचे काम झाले. बोर्डीला शिक्षिका घडण्यास वर्षे लागली होती. येथे सेविकेला काही आठवड्यांच्या प्रशिक्षणावर उभे राहावे लागले. नाव आले, साधनांचा संच आला, गाण्यांची पुस्तिकाही आली. जो काळ लागतो तो मात्र आला नाही. पुष्कळ अंगणवाड्यांच्या भिंती आज चित्रांनी भरलेल्या दिसतात. ती चित्रे रंगाऱ्याने काढलेली असतात, आणि मुलांचा हात पोहोचेल त्या उंचीवर बहुधा रिकामी जागा उरलेली नसते.

हिंगोलीच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. हा जिल्हा कलेने दरिद्री नाही. नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाते, आणि औंढ्याचे देऊळ नामदेवांच्या कीर्तनाकडे तोंड करून फिरले ही आख्यायिका येथील प्रत्येक मूल ऐकते. कीर्तन, भारूड, जात्यावरच्या ओव्या, पोळ्याला मुलांनी केलेले मातीचे बैल हे सर्व शाळेच्या आधीचे शिक्षण आहे. सेनगाव, कळमनुरी, औंढा या भागांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. तेथे घरी गोरमाटी बोलली जाते, होळीला लेंगी गातात, आणि काचा-कवड्या लावलेल्या कशिद्यातील रंगसंगती मुलीला पाटीआधी कळते. आंध आदिवासींची वस्तीही याच जिल्ह्यात आहे. कोसबादच्या टेकडीवर वारली बोलीच्या निमित्ताने जो प्रश्न उद्भवला, तोच तांड्यावरील अंगणवाडीत गोरमाटीच्या निमित्ताने उद्भवतो.

मात्र एका बाबतीत तांड्यावरील सेविकेची स्थिती बोर्डीच्या शिक्षिकांहून अनुकूल आहे, आणि ती बाब प्रशिक्षणाच्या चर्चेत पुरेशी ध्यानात घेतली जात नाही. ताराबाई आणि अनुताई बाहेरून आल्या होत्या. मुलांची बोली, गाणी आणि अंगणाचे रीतिरिवाज त्यांना शिकावे लागले. सेविका ही त्याच गावची स्त्री असावी, असा योजनेचाच दंडक आहे. तिला ओवी येते, लेंगी येते, भिंत सारवता येते, बाहुली शिवता येते. तिला जे येते ते शिक्षण आहे, हे मात्र तिला आजवर कोणी सांगितलेले नसते. उलट केंद्रात पाऊल टाकताना ते घरी ठेवून पुस्तिकेतील गाणे पाठ करावे, असा संकेत तिने उचललेला असतो. हुजूरपागेची शिक्षिका बोर्डीच्या अंगणात जे विसरली, त्याच्या नेमके उलट काम येथे आहे : जे विसरावयास लावले गेले ते पुन्हा आठविणे. २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याने बालकेंद्री आणि कृतिप्रधान अध्यापनाचा उल्लेख केला आहे. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्याने घरची भाषा, खेळणी, गोष्टी आणि गाणी यांना मध्यवर्ती स्थान दिले आहे. या कागदांचा सेविकेच्या दिवसाशी संबंध कसा जोडला जातो, हे पाहावयाचे तर सुरुवात नोंदवहीच्या रकान्यांपासून करावी लागेल, आणि सकाळच्या त्या पहिल्या अर्ध्या तासापासून, जेव्हा ताटे यावयाची असतात आणि मुले जमू लागलेली असतात.